एसीला गवसणी

त्या घरात उघडं असं काही राहत नसे. मिक्सरला गवसणी होती, शिलाई मशीनला होती, पाण्याच्या पिंपाला होती, आणि टीव्हीच्या रिमोटला तर दोन होत्या. एक धुवायला पडली की दुसरी चढायची. आई कपडे शिवायची. उरलेल्या तुकड्यांचं करायचं काय, हा प्रश्न तिने संसाराच्या पहिल्याच वर्षी कायमचा निकालात काढला होता. बाबा म्हणायचे, "लोक थेट आभाळाला गवसणी घालायला जातात आणि तोंडघशी पडतात. आमच्या बाईसाहेब शहाण्या. त्यांनी खालून सुरुवात केली आहे."

बाबांचा धंदा विंडो एसी दुरुस्तीचा. थंडी पडायच्या सुमारास ते गेले. आता उन्हाळा ऐन भरात होता आणि लेक रजा काढून आईकडे आली होती. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. वाचन अफाट, बोलणं बेताचं. रडू आलं की नळ सोडून भांडी घासायला घेणारी. आईला हे ठाऊक होतं, त्यामुळे लेक आल्यापासून घरातली भांडी लख्ख होती आणि त्यावर कोणी काही बोलत नव्हतं.

आल्या आल्या लेकीच्या लक्षात आलं, की आई बाहेरच्या खोलीत जमिनीवर सतरंजी टाकून झोपते. डोक्यावर पंखा, तोही गरम हवा या कोपऱ्यातून उचलून त्या कोपऱ्यात नेऊन टाकणारा. आतल्या खोलीचं दार बंद. आत पलंग, कपाट आणि मागच्या गॅलरीकडच्या खिडकीत बाबांनी स्वतः बसवलेला एसी.

"आत का नाही झोपत?"

"एसी बंद पडलाय."

"मग दुरुस्त करून घेऊ."

"नको."

"नवा घेऊ."

"ते तर नकोच नको."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभरच्या खोल्या गार करणाऱ्या माणसाची बायको घामाच्या धारांत झोपत होती, आणि कारण विचारलं की ब्लाउजची काजं करायला घेत होती.

लेकीने दोन दिवस विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आई हातशिलाई करत बसली असताना ती शेजारी जाऊन बसली आणि सुईत दोरा ओवून देऊ लागली. आईचे डोळे आता सुईशी भांडायचे, आणि दोरा ओवून देणाऱ्याशी ती खोटं बोलत नसे.

"बंद पडलाय म्हणजे नक्की काय झालंय गं?"

आईने दाताने दोरा तोडला. "गॅस संपलाय. म्हणजे संपत आलाय."

"तुला कसं कळलं?"

"लावून बघितला ना. उकडायला लागलं तशी एक दिवस लावला. गिऱ्हाईक यायचं होतं, बेल ऐकू यायला हवी म्हणून दार उघडं टाकलं. थोडा वेळ घरघरला, तोंडावर गरम वाफा सोडल्या आणि टक करून गप्प झाला." तिने पुढचा टाका घातला, तो वाकडा पडला, तिने उसवला. "दार उघडं ठेवलं की गॅस वाया जातो. मला माहीत होतं. माहीत असून टाकलं."

"आई, एसीचा गॅस असा वाया जात नाही. शेगडीचा गॅस जळतो, म्हणून संपतो. हा नळीतल्या नळीत फिरत राहतो. बाहेर येतच नाही, तर दारातून जाईल कसा?"

"मला शिकवू नकोस. मी एसीवाल्याची बायको आहे. ह्यांनी स्वतः सांगितलंय मला, एकदा नाही, शंभरदा. दार लाव, गॅस वाया जातोय."

 हे वाक्य लेकीनेही लहानपणापासून ऐकलं होतं.

"आत जो आहे ना, तो ह्यांनी भरलेला आहे," आई कापडाकडे बघत म्हणाली. "अंथरूण धरायच्या आधीचं शेवटचं काम. नळीचा जोड झाळला, गॅस भरला, हात धुतले आणि म्हणाले, आता बघायला नको. जेवढा उरला असेल तेवढा राहू दे. कोणी माणूस बोलावलास की पहिलं काम काय करेल? नळी फोडेल, असेल नसेल तो सोडून देईल आणि नवा भरेल. मला नवा नको."

ऐकता ऐकता लेकीलाही एकाएकी नवा नकोसा झाला. आईची भीती चुकीची होती, हे तिला कळत होतं. पण एसीवाल्याची लेकही तीच होती. गॅस वापरून संपत नाही हे जितकं खरं, तितकंच हेही खरं, की जिथे नीट झाळलेलं नसतं तिथून तो गळतो. बाबांचे हात त्या दिवसांत कापत होते. एसी गरम हवा फेकत असेल, तर बाबांच्या हातचा शेवटचा जोड टिकला नव्हता. हे आईला सांगायची तिची हिंमत होईना. तिने उठून भांडी घासायला घेतली. तीही सकाळीच घासलेली होती.

नळी न फोडता हे बघू शकेल असा एकच माणूस होता, आणि पंचाईत अशी, की तोच माणूस नळ्या फोडण्यासाठी प्रसिद्ध होता. बाबांचे भागीदार. दुकानात त्यांना 'भराभर' म्हणायचे, आणि हे नाव बाबांनीच ठेवलेलं. गिऱ्हाइकाने "थंड होत नाही" म्हणायचा अवकाश, ह्यांनी गॅसचा सिलिंडर जोडलाच. बाबा त्यांच्या उलट. आधी गळती शोधायची, मग झाळायची, मग भरायचं. गळती शोधायला ते दाढीचा ब्रश वापरायचे. साबणाचा दाट फेस करून जोडाजोडाला लावायचा आणि डोळे बारीक करून बसायचं. बुडबुडा फुगला, की चोर सापडला. म्हणून भराभर त्यांना 'फेसवाला' म्हणायचे. दोघं जन्मभर एकमेकांच्या नावाने खडे फोडत आले आणि जेवायचे एकाच डब्यात.

लेकीच्या निरोपावरून भराभरकाका दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झाले. जिना चढून त्यांचा श्वास फुललेला, खांद्याला पिशवी, हातात सिलिंडर. आई दारात आडवी उभी राहिली.

"वहिनी, पाणी मिळेल की नुसतीच झडती?"

"आधी झडती. पिशवीत काय आहे?"

"पाना, पक्कड आणि माझ्या गुडघ्यांचं तेल."

"आणि हातात?"

"हे आपलं असंच. माझ्या हाताला त्याची सवय आहे."

"तो जिन्यात राहील."

"कोणी उचलून नेला म्हणजे?"

"कोण नेतंय? सिलिंडर दिसला की हात शिवशिवणारा माणूस या गावात एकच आहे, आणि तो आत येतोय."

भराभरकाकांनी सिलिंडर पायरीवर ठेवला, त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, "बस इथे. आपली दोघांची योग्यता एकच, मला फक्त आत घेतलंय."

आईने अटी घातल्या. नळीला हात लावायचा नाही, काही फोडायचं नाही, काही सोडायचं नाही.

"मग मी काय करू, लांबून फुंकर घालू?"

"तुम्ही बसा. ही करेल. तुम्ही सांगा."

काकांना ते सोयीचंच होतं. गुडघ्यांमुळे त्यांना स्टुलावर चढता येत नव्हतं. ते पलंगाच्या कडेवर बसले, लेक स्टुलावर चढली, आई दाराला टेकून उभी राहिली. लेकीने पुढची जाळी काढून फिल्टर धुऊन घेतला, परत बसवला आणि बटण फिरवलं.

एसी घरघरला. सुरुवातीला आवाज तर चांगला आला. लेकीने हात पुढे धरला. हवा कोमट होती. मग गरम झाली. मग आतून टक असा आवाज आला आणि नुसता पंखा फिरत राहिला.

 भराभरकाका आपल्या नखांकडे बघू लागले.

"वहिनी, लक्षण तर..."

"बोलू नका," आई म्हणाली आणि मघाशी राहून गेलेलं पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली.

काका हळू आवाजात म्हणाले, "पोरी, गळालाय. मी म्हटलं होतं त्याला, मी झाळतो. हात बघ तुझे, पान हलावं तसे हलतायत. ऐकतोय कुठला. म्हणाला, घरचा एसी दुसऱ्याच्या हातात दिला तर ही मला दारात उभं करणार नाही."

लेक स्टुलावरच उभी होती. तिने भांड्यांचा विचार केला, पण स्वयंपाकघरात आई होती. मग तिला आठवलं, दुकानात कोणी नवा माणूस कामाला लागला की बाबा त्याला पहिला धडा कोणता द्यायचे. सगळे पुढून बघतात, कारण वारा पुढे लागतो. एसीचं दुखणं त्याच्या पाठीत असतं. आधी मागे जाऊन बघ.

ती मागच्या गॅलरीत गेली.

एसीची पाठ गॅलरीत निघाली होती. बाबांनी ती मुद्दाम इथे काढली होती, म्हणजे त्या गरम हवेवर आईने वाळत घातलेले कपडे लवकर वाळतील. ओल्या चादरी बाजूला सारून लेक पुढे झाली. समोर एसीची पाठ होती, पण दिसत होती ती मातकट रंगाची, कडेला निळा गोट लावलेली, कोपरे नीट घडी घालून शिवलेली गवसणी. आल्या दिवसापासून रोज याच गॅलरीत तिने कपडे वाळत घातले होते. रोज ही तिच्या डोळ्यांपुढे होती. लोकांच्या पुस्तकातली निसटलेली वेलांटी पकडून देणारी बाई, पण या घरात गवसणी दिसणं म्हणजे भिंतीला रंग असणं. त्याकडे कोण बघतं?

तिने कापडाला हात लावला. तव्यासारखं तापलं होतं.

हसू कुठून आलं हे तिला कळलं नाही. पोटातून निघालं, खांदे हलायला लागले, तिने चादरीत तोंड खुपसलं.

आतून काका म्हणाले, "रडतेस काय गं? अगं, मी आहे ना."

"काका, इकडे या."

काका गुडघ्यांना शिव्या देत आले. त्यांनी एसीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, परत एसीकडे पाहिलं. तेवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"वहिनी, हे काय आहे?"

"गवसणी," आई म्हणाली. "ह्यांच्या माघारी त्याच्याकडे कोण बघणार? धूळ बसते म्हणून शिवली. आतून जाड अस्तर लावलंय. पाणी ठिबकायला खाली भोकसुद्धा ठेवलंय."

"ठिबकायला भोक ठेवलंत. नाकाला कुठे ठेवलंत?"

"कोणाच्या नाकाला?"

"ह्याच्या. खोलीतली उष्णता हा इथून बाहेर टाकतो. तुम्ही त्याला अस्तराची रजई पांघरलीत, तोंड दाबलंत आणि वर म्हणालात, पळ. तो बिचारा थोडा पळतो, जीव घुसमटला की टक करून बसतो."

आईने तांब्या कठड्यावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर आधी अपमान आला. इतकी सुबक गवसणी आणि तिची ही किंमत. मग हळूहळू दुसरं काही आलं. "म्हणजे गॅस आहे आत?"

"ते अजून ठरायचंय," लेक म्हणाली. तिचं हसू थांबलं होतं. गवसणीने एसी घुसमटला, हे खरं. पण जोड टिकलाय की नाही, ते गवसणी सांगणार नव्हती.

गवसणी उतरवली. मग तिघांनी मिळून एसीचं यंत्र त्याच्या पेटीतून टेबलाच्या खणासारखं पुढे ओढलं. काकांनी एक बाजू धरली, लेकीने दुसरी, आणि आईने मधून "हळू, हळू" म्हणायचं काम केलं. यंत्र टेबलावर आलं. आतल्या पत्र्याच्या पातळ पात्यांवर धुळीचा थर बसला होता. लेकीने विजेच्या भागांवर प्लास्टिक बांधलं आणि मऊ ब्रश आणि पाण्याच्या फवाऱ्याने पाती धुतली. वाकलेली पाती सरळ करायला काकांनी खिशातला कंगवा काढून दिला.

"काका, तुमच्या डोक्याला आता याची गरजही नाही."

"म्हणूनच दिला. कुणाच्या तरी उपयोगी पडावा."

मग तो जोड दिसला. कॉम्प्रेसरजवळ, तांब्याच्या नळीवर, पिवळट झाळीचं एक कडं. लेक न्हाणीघरात गेली. आरशाखालच्या फळीवर दाढीचा ब्रश होता तिथेच होता. त्यालाही छोटीशी, दोरी ओढून बंद करायची गवसणी होती. तिने दोरी सोडली. ब्रशला अजून साबणाचा वास होता. तिने वाटीत साबण आणि पाणी घेऊन फेस करायला घेतला. बाबा करायचे तसा, सावकाश, दाट, वाटी उलटी केली तरी पडू नये असा.

फेस जोडाला लागला. तिघांची डोकी खाली वाकली.

"श्वास सोडू नका कोणी," काका म्हणाले. "तुमच्या फुंकरीने बुडबुडा यायचा आणि नाव फेसवाल्याचं व्हायचं."

फेस तसाच राहिला. मलईसारखा, निवांत. एकही बुडबुडा फुगला नाही. फेस सुकू लागला तरी आई वाकलेलीच होती. शेवटी तिने पदराच्या टोकाने तो जोड पुसला, चष्मा नाकावर सारला आणि कपड्याची शिवण बघावी तसा सगळीकडून पाहिला.

"टाका बरा घातलाय," ती म्हणाली. "कुठे सुटलेला नाही. स्वयंपाकघरात ऐकू आलं मला. हात कापत होता म्हणता?"

"पानासारखा," काका म्हणाले. मग खाकरून म्हणाले, "पण जोड माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी एकदाच बोललो, दुकानात कोणी विचारलं तर मी इथे आलोच नव्हतो."

यंत्र वाळवून परत पेटीत सरकवलं. बटण फिरवायला लेकीने आईला पुढे केलं. आई म्हणाली, "दार लावा आधी," आणि काकांनी दार लावलं. तिने बटण फिरवलं आणि दोन पावलं मागे सरली, फटाक्याची वात पेटवल्यासारखी.

घरघर झाली. हवा कोमट आली. आईने लेकीचा हात धरला. हवा कोमटच राहिली, मग नुसती हवा झाली, मग तिला एक बारीक धार आली. लेकीने जाळीशी तळवा धरला आणि तो मागे घेतला नाही. जाळीतून दिसणारी आतली नळी घामेजली होती, थेंब थेंब जमत होते, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सारखे.

"पूर्ण आहे," काका म्हणाले. "कमी असता तर एकाच टोकाला बर्फ धरला असता. पुरेपूर आहे, वहिनी. जेवढा त्याने भरला तेवढा."

"आणि मी वाया घालवला तो?"

"कसला वाया?"

"दार उघडं टाकलं होतं मी."

"दाराचा आणि गॅसचा काय संबंध? तो नळीत असतो. दार उघडं ठेवा, भिंत पाडा, त्याला पत्ताही लागायचा नाही. फार तर खोली गार व्हायची नाही."

आई काकांकडे वळली. "मग हे जन्मभर मला काय सांगत होते? दार लाव, गॅस वाया जातोय."

काकांनी आधी लेकीकडे पाहिलं, मग छताकडे, मग त्यांना हसू आवरेना. "ते होय. वहिनी, तो तुम्हाला सांगून थकला होता की दार लावा, खोली गार होत नाही. तुम्ही लावत नव्हता. मग एक दिवस दुकानात आला तो टाळी देतच. म्हणाला, औषध सापडलं. गॅसचं नाव काढलं की धावत येऊन लावते. स्वयंपाकघरात सिलिंडर जपायची सवय आहे ना, तीच कामाला लावली."

"जन्मभर?"

"मी म्हटलं होतं एकदा, आता सांगून टाक. म्हणाला, आता सांगितलं तर मला जेवायला कोण वाढेल?"

आईने पदर कमरेला खोचला. बाबा गेल्यापासून ती त्यांच्याबद्दल बोलायची ते जपून, काचेचं भांडं उचलावं तसं. आता तिने भिंतीवरच्या फोटोकडे वळून पाहिलं, आणि तिचा आवाज तिला परत सापडला.

"लबाड," ती म्हणाली. "लबाड माणूस. मी दूध उतू गेलं तरी आधी दार लावायला पळत होते. आणि हे तोंड वळवून हसत असतील. येऊ दे..." ती थांबली. मग हसायलाच लागली, डोळ्यांना पदर लावून, आणि थांबेचना. काका हसत होते, लेक हसत होती, एसी आपला घरघरत होता, आणि खोली इतकी गार झाली होती की काकांनी पलंगावरची चादर गुडघ्यांवर ओढून घेतली.

दुपारी चहा आतच झाला. आईने उतरवलेली गवसणी मांडीवर घेऊन उसवायला काढली. एवढं चांगलं अस्तर फुकट घालवायचं नव्हतं.

"भाऊजी, जाताना थांबा जरा. त्या तुमच्या सिलिंडरचं माप घेते. जिन्यात कसा नागडा बसलाय."

"नाकाला भोक ठेवा म्हणजे झालं."

काका गेल्यावर आई पलंगाच्या आपल्या बाजूला आडवी झाली. दुसरी बाजू लेकीने घेतली. एसीचा आवाज एका लयीत चालला होता. लेकीचा डोळा लागणार, तोच आई उठली, दारापाशी गेली आणि तिने दोन्ही फळ्या भिंतीला टेकतील इतकं दार सताड उघडलं. गार हवा बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर, मशीनवर पसरत गेली.

"आई, दार," लेक सवयीने म्हणाली.

आई परत येऊन पडली आणि तिने चादर हनुवटीपर्यंत ओढली. "असू दे उघडं," ती म्हणाली. "संपत नाही ना?"